लग्नपत्रिकेच्या पोटी दशक्रिया

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या आधी. माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तेही कॉम्प्युटरमुळे. म्हणजे माझ्यामुळेच, पण कॉम्प्युटरचं नाव घेतलं की जरा बरं वाटतं!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घोडेगावात माझं पत्रिका छापायचं दुकान. पुण्यातल्या मावसभावाने पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकायची सीडी दिली. त्यात कळलं, आधी एक बाप-क्लास, म्हणजे मूळ साचा, लिहायचा, मग त्याचे पोर-क्लास काढायचे. बापाकडचं सगळं पोराकडे आपोआप येतं, वेगळं हवं तेवढंच पोरात नव्याने लिहायचं. वा! मी लगेच लग्नपत्रिकेला बाप केलं. त्यातून बारसं काढलं, वास्तुशांत काढली. कोणाचं कार्य, कसलं कार्य, एवढं भरलं की बाकी मजकूर तयार. मला स्वर्ग दोन बोटं उरला!

तेवढ्यात डिंगोऱ्याचे भाऊसाहेब दुकानात आले. त्यांच्या मुलीशी माझं जुळत आलं होतं, आणि त्यांचे वडील नुकतेच वारले होते.

“पावणं, आमच्या बाच्या दहाव्याची पत्रिका काढायचीय. तुमचं कामबी बघू म्हनलं.”

म्हणजे परीक्षाच की! मी लग्नपत्रिकेतून दशक्रियेचा पोर-क्लास काढला. गणपती काढून आजोबांचा फोटो घातला, ‘स्वागतोत्सुक’ खोडून ‘शोकाकुल’ केलं. प्रूफ आठ जणांनी तपासलं. आता आपल्याकडे प्रूफ तपासतात म्हणजे काय करतात? सरपंचांनी सरपंचांचं नाव पाहिलं. चेअरमननी आपलं नाव सरपंचांच्या वर घ्यायला लावलं. मी तळाला माझ्या दुकानाचं नाव पाहिलं. झालं, छापा!

दहाव्याला नदीवर हीऽऽ गर्दी. एक पुढारी श्रद्धांजलीला उभे राहिले. गेलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून पत्रिकाच माइकवर वाचायला घेतली. नाव, गाव, भावकी... आणि भरल्या गळ्याने शेवटच्या ओळीवर आले.

“आमच्या आजोबांच्या दशक्रियेला नक्की यायचं हं! बबलू आणि सोनी.”

अहो, लग्नपत्रिकेच्या तळाशी पोरांची ती लाडिक ओळ असते ना? ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ती बाप-क्लासात होती. पोरात बदलायची मी विसरलो, आणि कॉम्प्युटरने काकाच्या जागी आजोबा, लग्नाच्या जागी दशक्रिया अगदी बिनचूक भरली!

भाऊसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझाही दहावा इथेच. तेवढ्यात म्हातारीच, म्हणजे गेलेल्यांची बायको, पदराआड फिसकन हसली.

“आमच्या मानसाला लई हौस व्हती पावण्यारावळ्यांची!”

मग सगळा घाट हसला. भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, “आईनं वाचवलं तुमाला. वर्साच्या आत लगीन उरकू. पन पत्रिका जुन्नरला छापायची. तुमी निस्तं प्रूफ बघा. तेवढं जमंल ना?”

“जमेल की!”

प्रूफ आलं. मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. माझं नाव, आडनाव, नावापुढची पदवी, सगळं चोख. म्हटलं, छापा!

पत्रिका वाटून झाल्या आणि डिंगोऱ्याहून फोन आला. होणारी बायको होती.

“आवं, लगीन एकट्यानंच करताय व्हय? माझं नाव कुठंय?”