जाम झालेली वन टन

बायको गेली त्या वर्षी माझं कशातच मन लागेना. मुलगा माझ्यासारखाच फौजेत, तिकडं आसामात. सून आणि नात त्याच्याबरोबर. कोरेगावजवळच्या आमच्या गावात मी एकटा. ऊस वाट्यानं दिलेला, त्यामुळे रानातही काही काम नव्हतं. सकाळी ओट्यावर बसायचो आणि ऊन पायावर आलं की आत जायचो. जेवण राहून जायचं. शेजारच्यांनी विचारलं तर जेवलो म्हणून सांगायचो.

अशात एक दिवस माझा युनिटमधला मित्र दारात उभा राहिला. तो विट्याकडचा. आम्ही दोघंही ड्रायव्हर, बरोबरच भरती झालेलो. बर्फात एका ताडपत्रीखाली झोपलेली माणसं आम्ही. मी त्याच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं.

"ऊठ रं," तो म्हणाला. "वन टन घावलीय."

वन टन म्हणजे फौजेतला जुना पेट्रोलचा छोटा ट्रक. आमची निम्मी नोकरी त्याच्याच स्टिअरिंगवर गेली. लिलावात निघालेला तसला एक ट्रक त्याच्या गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीवर पडून होता. मी त्याच्याबरोबर गेलो. टपावर बाभळीच्या शेंगांचा थर साचला होता, चाकं मातीत रुतली होती. पुढून हँडल घालून जोर केला तर भिंत ढकलल्यासारखं वाटलं. इंजिन पार जाम होतं.

"इंजिन तुझ्याकडं, बॉडी माझ्याकडं," मित्र म्हणाला. "सुरू झाली की पाटणला जाऊ. तिथनं कोयनेच्या कडंकडंनं वर."

पाटण माझ्या बायकोचं माहेर. तिला एकदा तरी वन टनमध्ये बसायचं होतं. तेही त्याला ठाऊक होतं. त्या रात्री घरी येऊन मी पिशवी भरली.

मी आठवडा-आठवडा त्याच्याकडंच राहायला लागलो. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि थिनरचं मिश्रण ओतायचं आणि वाट बघायची. जाम इंजिनाला घाई चालत नाही. जोर केला की काहीतरी मोडतं आणि मग सगळंच जातं. चार सिलेंडरांतलं मिश्रण हळूहळू खाली झिरपायचं, दोनांत मात्र तसंच साचून राहायचं. गंजानं तिथंच धरलं होतं. शेवटी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. सिलेंडरांच्या आतल्या भिंतीवरचा गंज पॉलिश पेपरनं बोटांनी घासून काढला. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हलके ठोके द्यायचो, पुन्हा तेल सोडायचो. हात काळे व्हायचे आणि पोटात भूक लागायची. मित्राची बायको चुलीवरची भाकरी वाढायची आणि मी मागून घ्यायचो.

एकदा ती म्हणाली, "आवं भावजी, आतनं एवढं कशाला घासताय? वरनं रंग चांगला दिसला म्हंजे झालं की."

मित्रानं तिच्याकडं असं काही बघितलं की ती पाणी आणायला म्हणून उठली. बाईमाणसाला काय कळतंय इंजिनातलं, असं मला वाटलं आणि मी हसलो.

त्यानंतर एका सकाळी इंजिन फिरवणाऱ्या क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावला, पान्यात लांब पाईप घातला आणि दाब दिला. पुलीवर मी खडूनं खूण करून ठेवली होती. खूण केसभर सरकली. उलटा दाब दिला, ती मागं आली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. हळूहळू खडूची रेघ बोटभर फिरली आणि मग आतून खर्रकन आवाज होऊन पूर्ण फेरा झाला.

"सुटलं!" मी ओरडलो. मित्र धावत आला, मला मिठी मारली आणि रडायला लागला. मीही रडलो. तो कशासाठी रडत होता हे तेव्हा मला कळलं नाही.

हेडखाली बसवायचं गॅस्केट आणायला सांगलीला गेलो. परत येताना गावाच्या वेशीत एसटीतून उतरलो, तर गवंडी एक चौथरा बांधत होते. मी सहज विचारलं, पुतळा कुणाचा?

"पुतळा न्हाई, मामा," एक जण म्हणाला. "ती मिल्ट्रीची गाडी बसवायची हितं. इंजिन काढून, चाकं शिमिटात धरून. तुमीच करताय न्हवं ती?"

मी भट्टीवर आलो. मित्र बंपरला रंग देत होता.

"चौथरा कशाचा रं?"

त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "कागद न्हाईत तिला," तो म्हणाला. "रस्त्यावर घालताच येत न्हाई. गावानं आधीच ठरवलं हुतं, वेशीत उभी करायची."

"मग मला इंजिन कशाला सोडवायला लावलंस?"

"तुझ्या पोराचा फोन आला हुता. काका, आबांना कशात तरी गुतवा म्हणला, न्हाईतर ते जगत न्हाईत. मला दुसरं काय सुचलं न्हाई, गड्या."

"आणि त्याला रोज कळवत होतास?"

"जेवलास का, झोपलास का, एवढंच."

मी मागून घेतलेली भाकरी आसामात कळत होती. वहिनीला ठाऊक, गवंड्याला ठाऊक, सगळ्या गावाला ठाऊक. गाडी रस्त्यावर धावेल असं समजणारा मी एकटाच होतो.

"आणि पाटण?" मी विचारलं.

त्यानं डब्यातला ब्रश पुन्हा उचलला. बाकी सगळं मी गिळलं असतं, पण पाटणचं नाव त्यानं घ्यायला नको होतं.

"इंजिन उतरवलं की मला दे," एवढं बोलून मी पिशवी घेतली आणि निघालो.

घरी येऊन मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आबा, तुम्ही जेवत नव्हता. दुसरं काय करणार होतो मी?"

"बापाला तोंडावर सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. म्हणूनच जास्त संताप आला. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही दोघं फक्त नातीबद्दल बोलत होतो.

गाडी चौथऱ्यावर चढली तेव्हा बोलावणं आलं होतं. मी गेलो नाही. फोटोत बघितली. रंग सुरेख दिला होता त्यानं. नंतर तो स्वतः टेम्पोतून इंजिन घेऊन आला. आम्ही दोघांनी ते गोठ्यात उतरवलं. चहा झाला. माफी त्यानं मागितली नाही आणि मीही ती मागावी म्हणून अडून बसलो नाही.

मी इंजिनाला लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, पिस्टनच्या नव्या रिंगा आणि गॅस्केट घातलं. आता ते सुरू होतं. सुरुवातीला निळा धूर सोडतं, मग एका लयीत धडधडत राहतं. त्याला जोडायला गाडी नाही, पण चालतं. मी जेवतोही वेळेवर. मुलानं आणि मित्रानं केलं ते माझ्या भल्यासाठीच केलं, हे मला कळतं. कळतं म्हणून लागायचं थांबत नाही.

मित्राचा फोन अजून येतो. "कसा हायस?" तो विचारतो. पूर्वी मी त्याला खरं सांगायचो. आता "बरा हाय" म्हणतो आणि पावसापाण्याचं विचारतो. तो हे कुणासाठी विचारतोय, ते मला ठाऊक नसतं.