लाल टोप्यांमधली एक खाकी

किर्रर्र, मग घर्रर्र. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, सुई बाबीनच्या डबीवर आपटली. मशीन बंद करायला माझा हात पुढे गेला. पण मशीन तिथं कुठं होतं! टोप्यांचं गिऱ्हाईक नितीन लोगो दाखवणार म्हणून मी शेजारच्या सायबर कॅफेत उभा होतो. नितीन म्हणाला, "अण्णा, इंटरनेट लागतंय. स्वल्प थांबा."

बंगळूरच्या शिवाजीनगरात भरतकामाचं दुकान चालवलं की किस्से दोऱ्यांच्या तुकड्यांसारखे साठतात. रोज झाडले तरी थोडे कपड्याला चिकटून घरी येतातच. हे त्यातलेच.

* * *

नितीन नागपूरचा. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी एकटाच आलेला. बंगळूरातल्या मराठी पक्षीवेड्यांचा ईमेलवर एक ग्रुप होता, त्यात हा. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. प्रत्येकाने एकेका पक्ष्याचं नाव घेतलेलं. नितीन म्हणजे कोतवाल. आता सगळे पहिल्यांदाच आनेकलकडच्या एका तळ्यावर भेटणार होते. ओळख पटावी म्हणून टोप्या. पुढे लोगो, मागे नाव.

लोगोत मोठ्या चोचीचा धनेश हवा असं ठरलं. स्क्रीनवर तो ऐटबाज दिसायचा. टोपीवर भरला तर चोचीचं वांगं झालं. नितीनने सॅम्पलचा फोटो ग्रुपवर टाकला. एकाचं उत्तर आलं, "चोच तेवढी ठेवा, पक्षी काढून टाका."

* * *

मग रंगाचं भांडण. नितीनला लाल टोप्या हव्या होत्या, माणसं लांबून ओळखू यावीत म्हणून. खंड्या नावाच्या सभासदाचं म्हणणं, लाल रंग बघून तळ्यावर एक पक्षी थांबणार नाही. खाकीच हवी.

नितीनने चिडून सगळ्यांसमोर लिहिलं, "तू गच्चीवरून पक्षी बघणारा. तुला तळ्याचं काय कळतं?"

त्या दिवसापासून खंड्याने लिहिणं सोडलं.

हे सांगताना नितीन दुकानात नुसता येरझारा घालत होता. या गावात कुणी ओळखीचं नव्हतं तेव्हा त्याच्या पहिल्या ईमेलला उत्तर दिलं ते खंड्याने. कोतवाल हे नावही त्यानेच ठेवलेलं. माफीच्या ईमेलला मात्र उत्तर नव्हतं. शेवटी मला म्हणाला, "अण्णा, सगळ्या लाल करा. एक खाकी करा. मागे खंड्या लिहा." टोप्या कुठं मिळतील ते त्याने ग्रुपवर कळवलं.

* * *

शनिवारी माणसं टोप्या न्यायला आली. एक बाई आणि एक सरकारी कारखान्यातले वयस्कर इंजिनियर बाकावर शेजारी बसले. आपण मूळच्या कुठल्या, मिरजेच्या का, अशी अदबीची बोलणी चालली होती. मी टोप्यांवरची नावं वाचून हाक मारली, "सुगरण कोण? घुबड कोण?"

दोघंही उठले. बाईंचा चेहरा पडला.

"अहो, तुम्ही घुबड? वर्षभर मी तुम्हाला अरे-तुरे करतेय."

इंजिनियर टोपी घालत म्हणाले, "मग आता कशाला थांबतेस?"

* * *

नितीन सकाळपासून बाकावर होता. दारात सावली पडली की उठायचा, परत बसायचा. चहा गार झाला. दुसरा मागवला, तोही गार झाला. संध्याकाळी काउंटरवर दोनच टोप्या उरल्या. त्याची लाल आणि ती खाकी.

तेवढ्यात चाळिशीचा एक बारीक माणूस आत आला. मी विचारलं, कुठलं नाव? तो हळूच म्हणाला, "खंड्या."

नितीन उभा राहिला. खाकी टोपी उचलून त्याने दोन्ही हातांनी पुढे केली. "मी कोतवाल," म्हणाला.

त्या माणसाने टोपी घेतली. उलटी करून मागचं नाव वाचलं. नाव भरलं होतं त्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग ती नितीनच्या डोक्यावर घातली आणि कानापर्यंत नीट बसवली.

काउंटरवरची लाल टोपी त्याने स्वतः घातली आणि पायऱ्या उतरून बस स्टँडकडे चालू लागला. गर्दीत त्याच्या डोक्यामागचं 'कोतवाल' बराच वेळ दिसत होतं.