शेख सरांचा राग

माझ्यावर सर्वात जास्त उपकार ज्यांचे आहेत, ते माझ्याशी क्वचितच गोड बोलले. बेंबळीच्या शाळेतले आमचे शेख सर.

तुमच्याही शाळेत असेल: गुरुजी आले की हाताची घडी, तोंडावर बोट. शेख सर वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या पोराचं बोट स्वतः खाली ओढायचे. "दाढ दुखतीय का रे? नाही ना? मग काढ बोट. काहीतरी विचार."

आम्ही विचारायचो नाही. घरी, शेतात, शाळेत, थोरांपुढं गप्प राहणं हीच आमची अक्कल. सर इतके चिडायचे, की मुख्याध्यापक दारात यायचे. "शेख सर, तुमचा वर्ग लई गोंगाट करतो."

"वर्ग कुठं करतोय? मी एकटाच करतोय."

घरातला पहिला पदवीधर मी. शिष्यवृत्ती मिळाली आणि पाण्याचं नियोजन शिकायला नेदरलँड्सला गेलो. जाऊन काय केलं? लातूर-सोलापूरकडची पोरं शोधली, एकत्र खोली घेतली, ज्वारीचं पीठ कुठं मिळतं ते हुडकलं. वर्गात सगळं वहीत उतरवलं आणि तोंड उघडलं नाही.

सत्र संपत आलं तेव्हा प्राध्यापिका म्हणाल्या, "तू चर्चेत एकदाही बोलला नाहीस. असंच चाललं तर मी तुला पास करू शकणार नाही." नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि परतीचा रस्ता.

मी संतापून सरांना फोन केला. "सर, मी बाईंचा मान ठेवतो आणि त्या मलाच नापास करतायत."

"मान? भ्यायलास म्हण की. खोलीवर कोण कोण हायेत?"

सांगितलं.

"जेवायला काय करता?"

"पिठलं-भाकरी."

"मग त्यासाठी विमानात कशाला बसलास, बेटा? बेंबळीत काय वाईट होतं? जा त्या बाईकडं. भांड. चुकली असंल तर चुकली म्हण. तेवढं जमत नसंल तर मला फोन करू नको."

"तुम्हाला तिथं बसून बोलायला काय जातंय?" मी म्हणालो. फोन त्यांनीच ठेवला.

त्याच रागात बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, तुमच्या नकाशात कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं. आमच्याकडच्या कालव्यावर माझ्या मामाचं शेत शेवटचं आहे, तिथं ते फक्त नकाशातच पोचतं. बाईंनी खुर्ची पुढं केली. "हे उद्या सगळ्यांसमोर सांग."

इंग्रजी अडखळलं, पण सांगितलं. पास झालो. मग खोलीही बदलली. केनियाच्या एका मुलाबरोबर राहिलो. त्याच्याशी रोज भांडलो, आणि पुस्तकांइतकाच त्याच्याकडून शिकलो.

परत आल्यावर शाळेनं सत्कार ठेवला. मांडवात पोरं बसलेली, तीच घडी, तेच बोट. शाल, नारळ, लांबलचक भाषणं. मी म्हटलं, काहीही विचारा. एक मुलगी उठली. "दादा, मला बी जायचंय. घरच्यांना कसं पटवायचं?"

"ए, बस खाली," आताचे मुख्याध्यापक म्हणाले. "पाहुण्यांना असलं विचारतात व्हय?"

ती बसली. "तिला बोलू द्या," मी म्हणालो, तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

सर आता सोलापूरला लेकीकडं असतात. कान गेलेत, फोनवर बोलता येत नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना पत्र टाकलं.

"आदरणीय सर, सलाम.

शाळेत माझा सत्कार झाला. तुम्हाला बोलावलंच नव्हतं, हे मला मांडवात कळलं. शाल खुर्चीवर ठेवून आलो. राग अजून गेलेला नाही, जाऊही नये असं वाटतं.

मांडवात प्रश्न विचारला म्हणून खाली बसवलेली दहावीतली एक मुलगी आहे; नंतर तिच्या घरी जाऊन आलो. तिला बाहेर शिकायला जायचंय. वडिलांपुढं तिचा शब्द फुटत नाही. ते नुसतं 'बघू' म्हणतात. रविवारी दोघांना घेऊन तुमच्याकडं येतोय. तुम्हाला ऐकू कमी येतं, हे मी तिला सांगून ठेवलंय. तिला जे हवंय ते फार मोठ्यानं सांगावं लागेल, आणि वडील शेजारीच बसलेले असतील."