देवीने परत दिलेला आंबा

मे महिन्यातला दुसरा मंगळवार. सकाळपासून आढी निवडायचं काम चाललं होतं. रत्नागिरीपासून थोड्या आतल्या गावात आमची हापूसची बाग आहे. मे महिन्यात आमच्या माजघरात पाय ठेवायला जागा नसते. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर आंबे, आंब्यांवर पुन्हा पेंढा. ही आढी रोज उकलायची, एकेक आंबा हातात घ्यायचा, देठाशी हलकेच दाबून पाहायचा. चांगला, एकसारखा रंग चढलेला आंबा पेटीत जातो. खरचटलेला, डाग पडलेला, देठाशी काळा झालेला घरात राहतो. पाहुणे म्हणतात, तुमची काय चंगळ, रोज हापूस. त्यांना काय सांगायचं? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी डागी आंबाच खाते आहे. त्यातही कापून सगळ्यांना फोडी दिल्या की उरलेली कोय माझी. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. सासूबाईंनीही जन्मभर कोयच चोखली.

तर त्या सकाळी मी वाकून आंबे काढत होते आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला हात टेकला. पेट्या भरायला येणारी शेवंती समोरच बसली होती.

"वयनी, तुमी पन बसा की जरा," ती म्हणाली.

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं. मनात स्वतःला म्हटलं, पुरे झाली नाटकं, हात चालव.

आदल्या आठवड्यात शेवंतीला अशीच चक्कर आली होती. तेव्हा मी तिला हाताला धरून पंख्याखाली बसवलं होतं, कोकमाचं सरबत करून दिलं होतं, आणि दिवसभर कामाला हात लावू दिला नव्हता. हे तेव्हा मला आठवलं नाही. शेवंतीला बहुतेक आठवलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत राहिली.

माझं दुखणं साधं नव्हतं. थंडीपासून अंगावरून फार जात होतं. या वयात तसं होतंच म्हणून दोन महिने मी कुणाला सांगितलंही नाही. शेवटी यांनी जबरदस्तीने शहरात डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "गाठ आहे. पिशवी काढावी लागेल, आणि काढून तपासायला पाठवू. घाबरू नका, पण लांबवूही नका." मी घाबरले नाही. लांबवलं मात्र. झाडावर मोहोर होता, मग कैरी धरली, मग तोडणी सुरू झाली. हे रोज विचारायचे, "कधी जायचं?" मी म्हणायची, हंगाम संपू दे. एकदा हे चिडून म्हणाले, "हंगाम दरवर्षी येतो." त्यावर मी दोन दिवस बोलले नाही.

मी देवभोळी बाई नाही. घरचं दिवाबत्तीचं करते, जत्रेला ओटी भरते, एवढंच. पण आमच्याकडे कुठलंही मोठं काम अडलं की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडची पडली तर नाही. त्या मंगळवारी दुपारी मी कौल लावायला निघाले, ते काही श्रद्धेने नव्हे. मला यांचा तगादा थांबवायचा होता. ऑपरेशन पावसाळ्यावर टाकायला देवीनेच परवानगी दिली म्हटल्यावर हे गप्प बसले असते. देवीला मी आपल्या बाजूची साक्षीदार करायला निघाले होते, असं म्हणा.

सोबत पाच आंबे घेतले, पेटीतले, एकही डाग नसलेले. देवीला डागी नेत नाहीत.

देवळाच्या जांभ्याच्या पायऱ्या चढताना मी मध्ये बसले. एरवी या पायऱ्या मी डोक्यावर पाटी घेऊन चढले आहे. वर दाजी गुरव एकटेच होते, देवीपुढचं निर्माल्य काढत. वयाने सासऱ्यांच्या बरोबरीचे, पण जीभ तिखट.

"अगो, मे म्हैन्यात तू देवळात? आंबं सपलं काय?"

"संपले असते तर कौल कशाला लागला असता," मी म्हटलं आणि काय विचारायचं ते सांगितलं. ऑपरेशन आहे, हंगाम संपेपर्यंत थांबलं तर चालेल का.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या, हात जोडले. "सांग, कुणाकुणासाठी गाऱ्हानं घालू?"

गाऱ्हाण्यात घरातल्या सगळ्यांची नावं घ्यावी लागतात. मी भराभर सांगत गेले. हे, मुंबईत नोकरीला असलेला मुलगा, सासूबाई, बाग, विहीर, राखणीला असलेला नेपाळी गडी, शेवंती, गाय. कुत्राही सांगितला, कारण तो आजारी होता. दाजींनी एकेकाचं नाव घेऊन देवीला सांगणं केलं. "हे आई, हे माझे माये, ह्या लेकराबाळांवर तुजी नजर ऱ्हाऊ दे, वाकडं पाऊल पडलं तर सांबाळून घे..." दर वाक्याला मी "व्हय म्हाराजा" म्हणत होते, कारण म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी प्रश्न घातला. थांबलं तर चालत असेल तर उजवा दे, चालत नसेल तर डावा दे.

पाकळ्या हलल्या नाहीत.

आम्ही वाट पाहिली. दाजींनी पुन्हा विनवलं. पाकळ्या जिथल्या तिथे. मला घरचं काम दिसत होतं, टेम्पो संध्याकाळी यायचा होता. मी म्हटलं, "ओल्या जास्त झाल्या असतील. कोरड्या लावून बघा."

दाजी माझ्याकडे वळले. "आपरेशन कुनाचं म्हनालीस?"

"माझं."

"मग तुजं नाव कुठं घेतलंस? कुत्र्याचं घेतलंस."

मला हसू आलं. "राहिलं असेल. घ्या आता, यांची बायको म्हणून घ्या."

"तसं नाय चालत. ज्याचं काम त्यानं आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायचं. देवीला म्हायत हाय, पन रीत ती रीत."

एवढीशी गोष्ट. स्वतःचं नाव सांगायचं. बँकेत सांगतो, दवाखान्यात सांगतो. मी हात जोडले, तोंड उघडलं, आणि नाव बाहेर येईना. या देवीपुढे मी इतकी वर्षं उभी राहिले होते. सून म्हणून ओटी भरली, आई म्हणून नवस बोलले, मुलाच्या तापासाठी, सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यासाठी, फवारणी वाया जाऊ नये म्हणून. माझ्यासाठी इथे मी कधीच आले नव्हते. मागायचं काही नव्हतं म्हणून नव्हे. मागणाऱ्यांच्या रांगेत मी स्वतःला कधी उभंच केलं नव्हतं.

शेवटी नाव घेतलं. हळू आवाजात, माहेरी आई हाक मारायची तसं. घेतलं आणि रडायला लागले. रडणं मला आवडत नाही, ते आवरतही नव्हतं. दाजींनी काही समजूत घातली नाही. ते देवीकडे तोंड करून माझं नाव घेऊन बोलत राहिले. "आई, ही लेक आज आपल्यासाटी आलीय. दमलीय. कुनाला सांगत नाय. तू बग तिच्याकडं." या वेळी "व्हय म्हाराजा" म्हणायला माझा आवाज नव्हता, तर तेही दाजीच म्हणाले. मग प्रश्न पुन्हा तोच. थांबलं तर चालेल का.

डावीकडची पाकळी पडली. लगेच, दाजींचं बोलणं पुरतं संपायच्या आत.

वर पंखा फिरत होता. पाकळी तोवर वाळलीही असेल. पहिल्या वेळीही पंखा फिरतच होता म्हणा. मी यावर वाद घालत नाही. मला इतकंच सांगायचं आहे की ती पाकळी पडली तेव्हा माझ्या अंगावरून कुणी मायेने हात फिरवावा तसं वाटलं. नाही म्हणणाऱ्या देवीचा राग यायला हवा होता. त्याऐवजी खांदे सैल झाले. कुणीतरी मला म्हणालं होतं, आज काम नको, पड जरा. आणि तेव्हा, तिथे, मला शेवंतीची चक्कर आठवली, तिला दिलेलं सरबत आठवलं. तिच्याशी जे बोलणं मला इतक्या सहज सुचलं, ते स्वतःशी बोलायला मला देवीपर्यंत चालत यावं लागलं.

निघताना दाजींनी पाचांतला एक आंबा माझ्या हातात परत दिला. मी तो पदरात घेतला आणि सवयीने म्हटलं, "घरी सगळ्यांना फोड-फोड देते."

"हा वाटायचा नाय," ते म्हणाले. "कौलाचा परसाद ज्याचा त्यानं खायचा. आनि कोय चोखून मला सांगू नकोस, खाल्ला म्हनून. सगळा खायचा."

"तुम्हाला कसं कळलं कोयीचं?"

"माजी बायको पन हाय ना घरात."

देठाशी दाबून पाहिला. एका रात्रीचा कच्चा होता. घरी आणून तो आढीत ठेवला नाही, पेटीत गेला असता. तांदळाच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी यांना सांगितलं, देवीने नाही म्हटलं, थांबायचं नाही. हे पेट्या बांधायला बसले, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले.

पुढे ऑपरेशन झालं, ते ज्याच्या त्याच्या घरी होतं तसंच झालं. आज मी बरी आहे, हे लिहिते आहे, आणि देवीची ऋणी आहे. पण मला मिळालेला प्रसाद मी त्या बरं होण्यात मोजत नाही. तपासणीत काही वेगळं निघालं असतं तरी तो मिळालेलाच होता. शरण जायचं म्हणजे सगळं दुसऱ्यांवर ओवाळून टाकायचं, अशी माझी समजूत होती. देवीसमोर उभं राहून आपलं नाव सांगणं आणि ती बघते आहे ते बघू देणं, हेही शरण जाणंच आहे. मला तर ते जास्त कठीण गेलं. अजूनही जातं. दमल्यावर स्वतःसाठी पहिला शब्द शिवीच येतो. मग मी थांबते, आणि शेवंतीला म्हटलं असतं ते म्हणते. चहा गरम आहे तोवर बसून पिते. संध्याकाळी पडवीत थोडा वेळ नुसतीच बसते. यात फार काही नाही, पण बरं वाटतं, आणि बरं वाटण्यासाठी कारण सांगावं लागत नाही हे मला उशिरा कळलं.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाच्या डब्यातून तो आंबा काढला. वास घरभर झाला. पाट घेतला, विळीवर आंबा कापला, आणि दोन्ही फोडी सासूबाईंच्या ताटलीत ठेवायला हात पुढे गेलाही. तो मागे घेतला. त्याऐवजी उठून भरलेली पेटी उघडली, एक निवडक आंबा काढला आणि तो त्यांच्यासाठी कापला.

त्यांनी फोड उचलून उलटसुलट पाहिली. "ह्याला डाग कुठाय गो?"

"नाही डाग."

"मग पेटीतून का काढलास?"

"खायला," मी म्हटलं.

त्या खायला लागल्या. त्यांच्या शेजारी पाटावर बसून मी माझा आंबा खाल्ला, दोन्ही फोडी, सावकाश. कोयही चोखली. ती काय सुटायची सवय नाही. मग हात धुतले, रिपोर्टांची पिशवी घेतली आणि यांना म्हटलं, "पेट्या आज शेवंती बघेल. गाडी काढा, जाऊन येऊ."