टोळाचं नाक

माझी पोस्टिंग उत्तरेच्या सीमेवर, डोंगरातल्या एका इंजिनिअर कंपनीत होती. हुद्दा सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलातला शिपाई; गाव तुळजापूरच्याच जिल्ह्यातलं वाशी. आमचे सेक्शन कमांडर हवालदार बालाजी सुरवसे तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचे. एवढ्या लांब आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांना दादा म्हणालो.

"दादा जळकोटात," ते म्हणाले. "हितं उस्ताद म्हणायचं."

मला ते वाशीकर म्हणत.

आमचं काम सुरुंग काढायचं. जुने पेरलेले सुरुंग बर्फ वितळला की उतारावरून घसरतात, नकाशातल्या जागी राहत नाहीत. म्हणून दर उन्हाळ्यात वाटा नव्यानं तपासायच्या. पोटावर पडायचं, सळई तिरकी धरून मातीत हलकेच खुपसायची, काही लागलं नाही तर थोडं पुढं सरकायचं. मला या कामाची भीती वाटायची. जवानांच्या शौर्यावर भाषणं ठोकणाऱ्यांनी हे वाक्य नीट वाचावं. रोज भीती वाटायची. सळई धरलेला हात घामानं निसटू नये म्हणून मी तळव्याला माती चोळायचो.

त्या उन्हाळ्यात एका प्रयोगशाळेचं यंत्र ट्रायलसाठी आलं. सोबत एक सायंटिस्ट मॅडम. त्यांनी समजावून सांगितलं की कीटकाला वास मिशीनं येतो. मिशीवरच्या बारीक केसांत वास पकडणारे कण असतात आणि एकेक कण ठरावीक वासच पकडतो. टोळाच्या मिशीतले कण अभ्यासून तसेच कण त्यांनी बनवले होते आणि नखाएवढ्या पट्टीवर बसवले होते. लांब काठीच्या टोकातून हवा ओढली जायची, गळ्यातल्या पेटीत पट्टीवरून फिरायची. स्फोटकाची वाफ लागली तर लाल दिवा, नाहीतर हिरवा.

आम्ही यंत्राला टोळ म्हणू लागलो. उस्ताद म्हणाले, "आमच्या आज्यानं टोळ हाकलायला पत्र्याचे डबे बडवले. अन् सरकार आता गळ्यात बांधाय लागलं."

सरावात टोळानं पुरलेलं प्रत्येक स्फोटक हुडकलं. आमचा विश्वास बसला. एकच अडचण होती. थंडीत पट्टी मंद व्हायची. म्हणून हुकूम निघाला की वापरायच्या आधी रात्रभर पट्टीची डबी अंगाशी ठेवून ऊबदार करायची. उस्तादांनी हुकूम पाळला. डबी डाव्या आतल्या खिशात ठेवली, कारण तो खिसा सगळ्यात जपायचा होता. ते सुट्टीहून परत निघाले की त्यांची आई तुळजापूरला आरतीचा कापूर कागदात बांधून द्यायची. तोही त्याच खिशात होता. आमच्यात कुणाच्या खिशात देवाचं काही नव्हतं?

सकाळी वायरलेसवर निरोप आला. वरच्या पोस्टवरचा एक जवान पोटदुखीनं तळमळत होता, अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. हेलिकॉप्टर खालच्या सपाटीवर उतरू शकत होतं, पण नेहमीची वाट दरडीनं गेली होती. स्ट्रेचरसाठी नवी लेन, म्हणजे सुरुंग तपासलेली वाट, उघडायची होती. कॅप्टन साहेबांनी हुकूम दिला, "टोळ आगे, टेप पीछे. सळई नहीं लगानी, टाइम नहीं है."

उस्ताद पुढं, मी मागं पांढरी टेप टाकत. सळई माझ्या पाठीवर. दिवा हिरवा, परत हिरवा, परत हिरवा. मी उस्तादांच्या बुटाच्या ठशांतच बूट ठेवत होतो. हिरवा उजेड बघितला की पुढचा बूट जरा लवकर उचलायचो.

मग स्फोट झाला.

मला आवाज आठवत नाही. तोंडातली माती आठवते. डावा कान गेला होता, उजव्यात शिट्टी वाजत होती. धूळ बसली तेव्हा उस्ताद माझ्यापुढं चार हातांवर पडले होते. डावा पाय घोट्याखाली नव्हता. पेटी गळ्यातच होती आणि तिच्यावरचा दिवा हिरवा होता.

"अल्फा, सिच्युएशन? ओव्हर." वायरलेसवर कॅप्टन साहेब होते.

"सर, उस्ताद हिट. ओव्हर."

"जहाँ हो वहीं रुको. ओव्हर."

मी थांबलो, पण हुकूम म्हणून नाही. पाय उचलायचा तर ठेवायचा कुठं? पुढचे ठसे स्फोटानं पुसले होते. मागची जमीनही त्याच दिव्यानं पास केलेली. मला पळायचं होतं. उस्तादांनी मान वळवली.

"वाशीकर, पळू नको. आडवा हो. सळई लाव."

मी आडवा झालो. सळई लावत सरकलो. त्यांच्या खांद्याच्या अलीकडंच सळईला कडक काहीतरी लागलं. माती बोटांनी बाजूला केली. दुसरा सुरुंग होता. पळत गेलो असतो तर छाती त्याच्यावर पडली असती. मी त्याला वळसा घालून पोचलो, रक्त थांबवायला त्यांच्या मांडीला पट्टा आवळला. त्यांनी विचारलं, "वरच्या पोराचं काय?" मी म्हणालो, वाट निघतीय. खरं तर निघत नव्हती. बाकी सेक्शननं सळईनंच वाट काढली. तो पोरगा वाचला. उस्ताद मात्र स्ट्रेचरवरच गेले, हेलिकॉप्टरपर्यंत पोचले नाहीत.

हॉस्पिटलात मॅडम भेटायला आल्या. त्यांनीच सांगितलं की कापराच्या वाफेनं पट्टीवरचे सगळे कण भरून गेले होते, दुसरा वास घ्यायला जागाच उरली नव्हती. आपल्याकडं ट्रंकेत कापूर का टाकतात? किडे पळावेत म्हणून. हे उस्तादांना माहीत होतं, मला होतं, मॅडमनासुद्धा होतं. आणि यंत्राला नाक किड्याचं आहे हेही तिघांना माहीत होतं. कुणीच दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या नाहीत.

चौकशीत ठरलं, मानवी चूक. पट्टी उग्र वासापासून लांब ठेवायची सूचना इंग्रजीत छापलेली होती म्हणे. मी विचारतो, कुणासाठी? आणि मुख्य प्रश्न, जो मी वाशीत, आमच्याकडच्या तेरला, जिथं चार माणसं ऐकतील तिथं विचारतो: 'स्फोटक नाही' याला हिरवा दिवा आणि 'मला वास येत नाही' यालाही हिरवाच, हे कुणी ठरवलं? तो माणूस चौकशीत का नव्हता? उद्या हीच यंत्रं विहिरीतला वायू हुंगायला आपल्या गावात येतील. यावीत. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण उतरणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा, आणि तिसरा दिवा बसवा.

कान गेला म्हणून मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. मी जळकोटला गेलो. उस्तादांच्या आईनं पहिलं विचारलं ते कापराचं. जवळ होता का? मी म्हणालो, "व्हय, होता." त्यांना बरं वाटलं. त्या दिवशी मी पुढं बोललो नाही. हे लिहायचं ठरलं तेव्हा मात्र परत गेलो, सगळं सांगितलं. छापू नको म्हणाल्या तर छापणार नव्हतो.



"माणसाला पडसं झालं तर माणूस सांगतं, मला वास येत न्हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "त्या डब्याला तेवढं सांगाय येत नव्हतं?"

मग म्हणाल्या, "लिही. नाव घालून लिही."

हवालदार बालाजी सुरवसे, राहणार जळकोट. पाय गेल्यावरही त्यांनी मला सळई लावायला सांगितलं.