पुरा पत्ता घाल म्हणालो

बायको जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना तिच्या फोटोंची पुस्तिका वाटायची, असं मी ठरवलं. माझं शिक्षण सातवी, पुढं फौज. पण हौस दांडगी.

सांगलीला मुलाकडं जाऊन बसलो. सून कॉम्प्युटरवरच नोकरी करते. तिनं एका सॉफ्टवेअरात फोटो घातले, प्रत्येकाखालची ओळ मी सांगितली. बटण दाबलं की सगळ्याची मिळून पुस्तिका निघते, तिला ते रिपोर्ट म्हणतं. त्याआधी सॉफ्टवेअरनं विचारलं, फोटो कुठं ठेवलाय तो पत्ता पुरा लिहू, की रिपोर्टपासनं जवळचा?

"बाबा, जवळचा ठेवते."

"अर्धा पत्ता? फौजेत अर्ध्या पत्त्याची पत्रं महिना महिना फिरायची. पुरा घाल!"

मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण घरात कायम सुभेदारी केली. बायको 'व्हय व्हय' म्हणायची आणि आपल्याला पटेल तेच करायची. सुनेला ती कला अजून आली नाही. तिनं खरंच पुरा घातला.

रिपोर्ट आणि फोटो पेनड्राइव्हवर घेऊन औंधजवळ आमच्या गावी आलो. श्राद्धाच्या आदल्या दिवशी छपाईच्या दुकानात गेलो. दुकानदार आमच्याच आळीतला, माझ्याच वयाचा. त्यानं रिपोर्ट उघडला. 'आटपाडीला भाचीच्या लग्नात', 'नव्या गॅसपुढं', ओळी सगळ्या जागेवर. वर नुसत्या रिकाम्या चौकटी.

"गड्या, वैनी कुठं हाईत रं?"

पाहुणे सकाळी येणार होते.

सुनेला स्पीकरवर फोन लावला. ती हसली नाही, हे जास्त लागलं.

"बाबा, रिपोर्टात लिहिलंय, सांगलीच्या कॉम्प्युटरमधल्या अमक्या कप्प्यात फोटो बघ. त्या दुकानात तो कप्पा कुठला? फोटो तर तुमच्या पेनड्राइव्हवर रिपोर्टच्या शेजारीच आहेत. पत्त्यातला सांगलीचा भाग काढायला सांगा, नुसतं फोटोचं नाव ठेवायचं."

दुकानदारानं ते ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. "म्हंजे वैनी हितंच, आन तू मशीनला सांगलीला धाडतोयस! फौजेत नकाशा कुणी दिला रं तुला?"

"दिलाच न्हाई. म्हणून जित्ता परत आलो. कर बिगीबिगी."

त्यानं सांगली उडवली. चौकटी एकेक भरत गेल्या. गॅसपुढं ती माझ्यावरच डाफरत होती. फोटो मीच काढलेला.

पहिलं पान बाहेर आलं. शाई ओली होती, तरी मी हात लावलाच. तिच्या गालावर माझा अंगठा उमटला.

"खराब केलंस. आण, टाकतो."

"टाकतोस काय? पाव्हण्यांची दुसरी छाप. ही माझी."