फ्रीजमधला मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही मला आधी आमच्या घरचा फ्रीज आठवतो. मी तेव्हा खामगावला ठाणेदार होतो. मे महिना, ठाण्यावर पत्रे. दुपारी खुर्चीच्या दांड्याला हात लावायची सोय नसायची.

अशाच एका दुपारी कॉलेजात पीएच.डी. करणारी मुलगी तक्रार घेऊन आली. डोणगावकडची, घरी भाजीपाल्याची शेती. तिच्या नावाने आलेलं थर्माकोलचं खोकं गेटवरून गायब झालं होतं. आत बर्फाच्या पिशव्या आणि करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. कुपीत काय, तर अँटिबॉडी. आपल्या पेशींत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, रायबोसोम. त्यातलं एक ठरावीक प्रथिन हुडकून दाखवणारं ते द्रव. परदेशातून यायला महिने लागले होते. जास्त वेळ गरम राहिलं की वाया, आणि प्रबंधाची मुदत तर तोंडावर आलेली. आमच्या हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून लिहिलं, ‘कुपी नग एक, तळाशी थोडे पाणी.’ ते वाचून मुलगी रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी चहावाल्या खबऱ्याने टीप दिली. कॉलेजचा चौकीदार सायकलला पांढरं खोकं बांधून घरी गेला होता. त्याला बोलावलं. पन्नाशीचा, निर्व्यसनी माणूस. तासभर एकच पालुपद, खोकं पाहिलंच नाही. दम दिला, कलम वाचून दाखवलं, चहा पाजला. गडी हलेना.

बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला राहवलं नाही. आत येऊन म्हणाली, "जाऊ द्या साहेब. यायले काय समजते? देली असंन उन्हात फेकून."

चौकीदार ताडकन उठला. "फेकून कशी देईन बाई? खोक्यावर बर्फाचं चित्र होतं, मले का दिसत नाही? फ्रीजमंदी ठेवली हाये, बायकोच्या इन्शुलिनपाशी."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मटकन खाली बसला आणि सगळं ओकला. बायकोला माहेरच्या लग्नाला सुलतानपूरला जायचं होतं, इन्शुलिन न्यायला खोकं हवं होतं. आत कुपी निघाली तशी पाचावर धारण बसली. परत द्यावी तर चोर ठरतो, फेकावी तर जीव होईना.

मुलीला बरोबर घेऊन पंचनाम्याला त्याच्या घरी गेलो. कुपी वाटीत, वर झाकण. कुणी चुकून टोचून घेऊ नये म्हणून बायकोने तिला लाल दोरा बांधलेला. आमच्या हवालदाराने रिवाजाप्रमाणे मेणबत्ती पेटवून सीलसाठी लाख वितळवायला घेतली. मुलीचा चेहरा पांढरा पडला. मी ओरडलो, "अरे बाबा, चोराने जपलं, आता तू शिजवतो का?"

कोर्टाच्या आदेशाशिवाय मुद्देमाल परत देता येत नाही, आणि ठाण्यात थंड वस्तू म्हणजे एक माठ. शेवटी कुपी एका डब्यात घातली, डब्याला सह्यांचा कागद चिकटवून तो माझ्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवला. मुद्देमाल कारकून सकाळ-संध्याकाळ सील तपासायला यायचा आणि चहा घेऊन जायचा. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, आरोपीलाही इथंच ठेवणार आहात का?

आदेश आला, कुपी गेली. पंधरवड्याने मुलगी पेढे आणि एक फोटो घेऊन आली. पांढऱ्या पट्टीवर एकच काळी रेघ. हजारो प्रथिनांतून त्या थेंबाने नेमकं एक धरलं होतं. माझ्या एका ओळख परेडीत साक्षीदाराने रांग लावणाऱ्या शिपायावरच बोट ठेवलं होतं, त्यामुळे मला त्या थेंबाचा हेवा वाटला. कोर्टात मुलीने तक्रार नाही म्हणून सांगितलं, चौकीदाराची नोकरी वाचली. रिकामं खोकंही तिने त्यालाच देऊन टाकलं.

चोर म्हटलेलं माणूस तासभर सोसतो, ‘तुला काय समजतं’ हे मात्र घटकाभरही नाही. एवढ्या नोकरीत मला ते त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगतो, चौकीदाराच्या घरचा फ्रीज उघडेपर्यंत मलाही वाटत होतं की यानं कुपी फेकलीच असणार. त्याची लाज मला अजून वाटते.